पेटी तपासली

मंगळवार, ८ सप्टेंबर

तीर्थरूप वहिनी,

नमस्कार. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेल्या अर्ध्यात दादा मध्येच बोलतो, म्हणून आपली पत्राची जुनी पद्धतच बरी. शिवाय आजची गोष्ट तोंडाने सांगवणार नाही.

परवा रविवारी मैदानावर अपघात झाला. मला काही झालेलं नाही, ओरखडाही नाही. लागलं ते मास्तरांना. मास्तर म्हणजे आमचे शिंपी, ज्यांनी दादाचा कोट शिवला होता आणि तो बघून तुम्ही म्हणाला होतात की नवरा बदलून आणल्यासारखं वाटतंय. आमच्या मंडळात रिमोटवरची हेलिकॉप्टरं उडवणारे आम्ही अकरा जण आहोत, पण उठता-बसता ज्याच्याशी बोलावं असा माणूस मला तिथे एकच.

तुम्ही आमच्या यंत्रांना अजून खेळणी म्हणता. मास्तरांचं हेलिकॉप्टर चार किलो नऊशे ग्रॅम भरतं, मी माझ्या वजनकाटे तपासायच्या दुकानातच तोललंय. पाती हातभर लांब आणि मिनिटाला दोन हजार फेरे. म्हणून तर नियम आहे की बॅटरी जोडायची ती पांढऱ्या रेघेपलीकडे जाऊन, मोटर बंद ठेवणारं रिमोटवरचं बटण दाबून, आणि ते दाबलंय हे शेजारच्याने डोळ्यांनी बघून. मास्तरांनी त्या दिवशी रेघेअलीकडच्या टेबलाशीच जोडली. रिमोट गळ्यात लटकत होता, वाकताना बटण टेबलाच्या कडेला लागून सुटलं असावं. पाती फिरली आणि उजवा हात कोपराखाली आतल्या बाजूने खोल चिरला. रक्त कसं येतं ते तुम्हाला मी काय सांगू?

तुम्ही दिलेली प्रथमोपचाराची पेटी टेबलाखाली होतीच. पण ऐन वेळी रक्त थांबवायचा पट्टा काही उपयोगी पडला नाही. मग मी तीन केबल टाय एकमेकांत ओवले, वायरी आवळायच्या त्या प्लास्टिकच्या दातेरी पट्ट्या, आणि दंडाला आवळले. रक्त थांबलं. अध्यक्षांच्या गाडीतून रुग्णालयात पोचायला पन्नास मिनिटं लागली. रक्तवाहिनी शिवली आहे, जीव वाचला आहे.

मंडळात सगळे माझी पाठ थोपटतायत. काटेवाल्याने डोकं चालवलं, म्हणतात. मास्तरही तेच म्हणतात, आणि त्यांची बायको माझ्यासमोर रडली. मला ते सगळं नकोसं झालंय. दादाला सांगा, पण थोडक्यात सांगा.

तुमचा,
धाकटा दीर


शनिवार, १२ सप्टेंबर

प्रिय भावजी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा मास्तरांसाठी आणि दुसऱ्यांदा तुमच्यासाठी. माणूस जिवंत आहे, हे आधी मनात पक्कं करा. हातपाय गाळून बसणाऱ्यांतले तुम्ही नाही हे मला ठाऊक होतं, पण रक्त बघून तुम्हाला घेरी येते हेही ठाऊक आहे. दादांना तुमचा अभिमान वाटला. बोलले नाहीत, पण शेजाऱ्याला पत्र दाखवायला घेऊन गेले, म्हणजे समजा.

आता माझी चौकशी. पट्टा उपयोगी पडला नाही म्हणजे काय झालं? तुटला, निसटला, की दांडी मोडली? पाच ग्रॅमचा फरक सापडला तर दुकानदाराला अर्धा तास उभं करणारे तुम्ही, आणि पत्रात एवढं मोघम लिहावंत? मी का विचारते ते सांगते. तो पट्टा मी स्वतः निवडलेला आहे, चार बोटं रुंद, दांडी फिरवून आवळायचा. आमच्या कारखान्यात पत्रे कापायची यंत्रं आहेत, तिथल्या चाळीस पेट्यांत तोच पट्टा आहे. तेवीस वर्षं मी इथे नर्स आहे. माझ्या चाळीस पेट्यांत काही खोट असेल तर ती मला आज कळायला हवी.

दुसरं. केबल टायने रक्त थांबलं हे नशीब. पण दंडावर बारीक वस्तू इतकी आवळली की आतली जाणिवेची नस दबते. पट्टा रुंद असतो तो काही शोभेसाठी नाही. मास्तरांना बोटांची जाणीव आहे का ते विचारा, आणि डॉक्टरांना टाय किती वेळ होता ते नेमकं सांगा. बांधल्याची वेळ लिहून ठेवली होतीत ना? पेटीच्या झाकणात मी चिकटवलेल्या यादीत सातवी ओळ तीच आहे.

उत्तर लवकर पाठवा. आणि जेवत जा.

तुमची वहिनी


गुरुवार, १७ सप्टेंबर

तीर्थरूप वहिनी,

नमस्कार. पट्ट्याचं बकल निसटलं. दोनदा लावून पाहिलं, दोन्ही वेळा आवळताना सुटलं. माझेही हात थरथरत होते, त्यामुळे दोष सगळा पट्ट्याचाच असं मी म्हणणार नाही. तुम्ही त्याचं फार मनावर घेऊ नका.

वेळ लिहिली नव्हती. डॉक्टरांनीही तेच विचारलं.

मास्तरांची बातमी चांगली नाही. जखम भरतेय, पण अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं बधिर आहेत. नस दबली आहे, असं डॉक्टर म्हणाले, अगदी तुमच्याच शब्दांत. जाणीव परत येईल, पण कधी आणि किती ते कुणी सांगू शकत नाही. काल मी गेलो तेव्हा मास्तर दुकानात बसून कातर बोटांत अडकवून बघत होते. दोनदा खाली पडली. तिसऱ्यांदा त्यांनी ती डाव्या हाताने उचलून खणात ठेवली आणि मला म्हणाले, 'चूक माझी रे. रेघेपलीकडे गेलो असतो तर ही वेळ आली नसती. तू होतास म्हणून आज बसलोय.' मी खुर्चीतल्या खुर्चीत आकसून बसलो होतो.

मंडळाने माझा सत्कार ठरवला होता. मी नको म्हणालो तर सगळ्यांना तो विनय वाटला. म्हणजे आता मी शूरही आणि नम्रही. वहिनी, मला हल्ली झोप नीट लागत नाही, पण ते वयाचं असेल.

दादाला नमस्कार.

तुमचा,
धाकटा दीर


सोमवार, २८ सप्टेंबर

प्रिय भावजी,

तुम्ही म्हणालात मनावर घेऊ नका. घेतलं.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी नवा पट्टा घरी आणला आणि तुमच्या दादांच्या दंडावर पंधरा वेळा लावला. एकदाही निसटला नाही. पंधराव्या वेळी ते म्हणाले, आता मला खरोखर काही झालं तरी मी तुला सांगणार नाही. म्हणजे मी तुमच्या पेटीत घातलेला पट्टाच सदोष असणार. तो मी बांधून बघितला नव्हता, भावजी. घरचीच पेटी आहे, कोण तपासतंय, असं म्हणून घडी केली आणि टाकला. आणि कारखान्यातल्या चाळीसपैकी तरी मी किती बांधून पाहिले होते? एक. नमुन्याचा.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या पेट्यांतून पट्टे काढून घेतले, कारण ते त्याच खेपेतले. मॅनेजरांना लेखी कळवलं की निवड माझी होती आणि तपासणीत कसूर माझ्याकडून झाली. मग पाळी बदलताना वीस कामगारांसमोर उभी राहिले आणि तेच सांगितलं. ज्यांना मी दर महिन्याला 'कंटाळा करू नका, वस्तू हाताळून बघा' असं बजावत असते, तेच वीस जण. एक जुना कारागीर म्हणाला, 'बाई, असू दे, माणूस आहे.' तो चिडून बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. तेवीस वर्षांत मान खाली घालायची वेळ आली नव्हती, ती आली. नवे पट्टे यायला महिना लागेल. तोवर पेट्यांत जाड घड्या आणि रुंद कापडाच्या पट्ट्या ठेवल्या आहेत, आणि मी रोज उठून तेवढीच प्रार्थना करते की आज कुणाला काही होऊ नये.

मास्तरांच्या बोटांचं वाचलं तेव्हा मी भाजी चिरत होते. सुरी खाली ठेवली आणि माझी बोटं बघत बसले. तो माणूस बोटांवर जगतो. पट्टा नीट असता तर तुम्हाला ते केबल टाय वापरावेच लागले नसते. मी पुढच्या आठवड्यात दोन दिवस रजा काढून येते. मास्तरांना आणि त्यांच्या बायकोला मला भेटायचं आहे. काय बोलायचं ते ठरवलेलं नाही, पण समोर जाऊन बोलायला हवं. तुमचे दादा म्हणतात, नको जाऊस, तुझा काय दोष. पण दोष कुणाचा ते मला माहीत आहे.

तुमची वहिनी


शुक्रवार, २ ऑक्टोबर

वहिनी,

काल दुपारी पत्र हातात पडल्या पडल्या मी फोन केला. 'पट्टे आजच्या आज पेट्यांत परत ठेवा, त्यांत काही खोट नाही' एवढं म्हणालो आणि तुम्ही 'कशावरून?' विचारलंत तेव्हा ठेवून दिला. दोनदा परत वाजला, मी उचलला नाही. ऐकू येत नाही हे कारण नव्हतं. कशावरून ते आता लिहितो.

बकल निसटलं नव्हतं. पट्टा पेटीत नव्हताच.

पेटी उघडली तेव्हा तिच्यात काय होतं ते सांगतो. स्क्रूच्या दोन डब्या, स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून लावायचा गोंद, तेलाची बाटली आणि केबल टायचा जुडगा. तुमचं म्हणावं असं एक भाजल्यावरचं मलम होतं आणि झाकणातली यादी होती. बाकी सगळं दीड वर्षात मीच काढलं. पहिल्यांदा स्पिरिटचे बोळे. स्क्रूला गोंद लावण्याआधी तेलकटपणा पुसायला त्यांच्यासारखं काही नाही. मग चिकटपट्टी, यंत्राच्या टोपणाला तडा गेला होता म्हणून. मग कात्री. जाळीच्या घड्यांनी मी गिअर पुसले. प्रत्येक वेळी मनाशी म्हणायचो, पुढच्या रविवारी नवं आणून ठेवतो. आणि आणलं नाही की वाटायचं, इतक्या दिवसांत कुणाला खरचटलं तरी का? पट्टा मी मार्चमध्ये काढला. एकाच्या यंत्रावरचा बॅटरी बांधायचा पट्टा विरला होता. बॅटरी हवेत सुटली तर यंत्र दगडासारखं कोसळतं, कुणाच्या डोक्यावर कोसळेल सांगता येत नाही. तुमचा पट्टा रुंद, मजबूत, मापाला बरोबर. मी दांडी काढून टाकली आणि तो तिकडे बांधला. त्या वेळी मला वाटलं की मी सुरक्षिततेचंच काम करतोय.

आणि मंडळाची एक वही आहे. दर रविवारी सकाळी उडवायच्या आधी तीत खुणा करायच्या: रेघ आखली, वाळूची बादली भरली, पात्यांचे बोल्ट आवळले, पेटी तपासली. शेवटच्या रकान्यात माझी सही, कारण पेटीची जबाबदारी माझी. काल मोजल्या. एकूण एकाहत्तर सह्या. सहा सप्टेंबरचीही आहे, अपघाताच्या दीड तास आधीची. दुसऱ्याचा काटा पाच ग्रॅमने चुकला तर मी शिक्का मारत नाही, ही माझी बाजारात ख्याती.

तुम्हाला पहिलं पत्र लिहिताना मला वाटलं, एवढं मोघम लिहिलं की भागेल. तुम्ही खोदून विचारलंत तेव्हा बकल सुचलं. मी वस्तूवर दोष ढकलला, माणसावर नाही, अशी स्वतःची समजूत घातली. त्या वस्तूमागे तुम्ही उभ्या आहात हे दिसत असून पाहिलं नाही. तुम्ही वीस माणसांसमोर मान खाली घातलीत ते वाचलं. दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि आतल्या बाजूला बसून राहिलो. माझी मान तुम्ही घातलीत खाली, वहिनी.

माफ करा असं लिहायची माझी लायकी नाही. पट्टे तेवढे परत ठेवा.


मंगळवार, ६ ऑक्टोबर

भावजी,

तुमचा फोन आला त्याच संध्याकाळी पट्टे परत ठेवले. कारण माहीत नसतानाही ठेवले, कारण तुमच्या आवाजावरून कळलं होतं की खोटं बोलून झालंय आणि हे खरं आहे.

आता हे वाचा. फोनच्या आदल्या दिवशी, बुधवारी, पत्रा सरकून एकाचा तळहात फाटला. पेटीत पट्टा नव्हता, मी काढून घेतला होता. मी आणि आणखी एक जण वीस मिनिटं नुसत्या हाताने दाबून बसलो. भागलं. त्याची बोटं चालतात, कालच तो मला हलवून दाखवायला आला होता. पण मनगटाच्या वर कुठे कापलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मी गेले सहा दिवस करते आहे. तुमच्या एका बकलाने माझ्या चाळीस पेट्या रिकाम्या केल्या.

मी त्या वीस जणांना पुन्हा बोलावलं. तुमचं नाव घेतलं नाही, नातं सांगितलं. माझ्या दिराने मला खोटं सांगितलं आणि मी शहानिशा न करता विश्वास ठेवला, असं म्हणाले. तो जुना कारागीर पाठ फिरवून आपल्या यंत्राकडे गेला. तुमचे दादा तुमचं पत्र वाचून बागेत गेले आणि अंधार पडेपर्यंत आत आले नाहीत. शेजाऱ्याकडून आधीचं पत्र परत आणायला मीच गेले.

मी येणार नाही. माफी मागायला येणार होते, ती माझी नव्हती. तुम्ही मला सगळं लिहिलंत, पण मी घरची. घरच्या माणसाला सांगणं म्हणजे अर्धंच सांगणं, आपलेच दात आणि आपलेच ओठ. ज्याची बोटं गेली त्याला अजून वाटतंय की चूक त्याची आणि जीव तुमच्यामुळे. त्याला सांगा. आधी त्याला, मग मला.

आणि एक. तुमच्या पत्रात एक वाक्य असं आहे की जे तुम्ही पायाखाली दाबून धरलंय. 'एकाच्या यंत्रावर' पट्टा बांधला, असं लिहिलंत. एरवी तुम्ही माणसाचं वजन लिहाल, बुटाचं माप लिहाल, आणि इथे 'एकाच्या'? तो पट्टा त्या रविवारी कुठे होता?

वहिनी


रविवार, २५ ऑक्टोबर

वहिनी,

उत्तराला उशीर झाला, कारण तुम्ही क्रम लावून दिला होतात.

पट्टा मास्तरांच्या हेलिकॉप्टरवर होता. मार्चमध्ये मीच त्यांना दिला होता. शिंपी माणूस, त्यांनी तो हातात घेऊन उलटसुलट केला आणि शिलाई बघून म्हणाले होते, 'असं चौकोनात टाके घालणारा कारागीर कुठे मिळतो? कुठून आणलास?' मी म्हणालो, एका दुकानातून.

आता जे लिहितो ते मी आधी मास्तरांना सांगितलं आहे. पाती लागली आणि यंत्र टेबलावरून आडवं पडलं तेव्हा सगळ्यात आधी बॅटरीची वायर तोडायला हवी होती, नाहीतर ते पुन्हा फिरलं असतं. ती मीच ओढून काढली. ओढताना माझा डावा हात पट्ट्यावर होता. चार बोटं रुंद पट्टा. दांडी नव्हती, पण खिशात पेचकस होता, दांडीचं काम त्याने झालं असतं. हे सगळं मला त्या क्षणी कळलं, नंतर नाही. आणि हेही कळलं की मी तो इथून सोडवला तर दहा माणसं विचारतील, पेटीतला पट्टा इथे कसा? मी हात काढून घेतला आणि पेटीकडे धावलो. पेटीत काय आहे ते मला माहीत होतं. मास्तर माझ्या पायाशी रक्तात पडलेले होते आणि मला आधी माझी लाज दिसली, मास्तर नंतर दिसले.

दहा तारखेला, शनिवारी, मी त्यांच्या दुकानात गेलो. पुढे मोठं कापायचं टेबल, मागे दोन मशीनं, त्यातल्या एकावर मास्तरीणबाई. मास्तर डाव्या हाताने कापडावर खडूच्या रेघा ओढायचा सराव करत होते. मी उभ्यानेच सांगितलं, पेटीपासून पट्ट्यापर्यंत. मास्तरांची रेघ अर्ध्यावर थांबली. खडू हातात तसाच होता. माझं संपल्यावर ते म्हणाले, 'मी हिला रोज सांगतोय की तू नसतास तर मी मेलो असतो. आता मी हिला काय सांगू?'

मशीन केव्हा थांबलं ते मला कळलं नव्हतं. मास्तरीणबाईंनी तिथूनच विचारलं, 'किती वेळ लागला असता तो पट्टा सोडवायला?'

मी म्हणालो, चार सेकंद.

त्यांनी मान हलवली, जणू मी कापडाचा पन्हा सांगितला. मला वाटलं, आता जा म्हणतील. जा म्हणाल्या असत्या तर मी आनंदाने गेलो असतो. त्या म्हणाल्या, 'यांनी कापायची सोळा मापं पडली आहेत. गिऱ्हाइकं परत जातायत. सोमवारी दहाला या. तुमचं दुकान बंद ठेवून या.'

दुसऱ्या दिवशी मैदानावर उरलेल्या नऊ जणांना सांगितलं. वही अध्यक्षांच्या हातात दिली. ते वही चाळत राहिले आणि एकाने आपली गाडी माझ्या गाडीजवळून हलवून लांब लावली, का ते मला कळलं नाही. तिथे मी पुन्हा गेलेलो नाही.

सोमवारपासून मी मास्तरांकडे जातो. दहा ते दोन. ते डाव्या हाताने रेघ मारतात, मी कापतो. पहिल्या दिवशी एका पायजम्याचं वाटोळं केलं. त्यांनी तो तुकडा बाजूला ठेवला आणि दुसरं कापड पसरलं. माझ्याशी ते कामापुरतं बोलतात. 'इथून,' 'थांब,' 'बाही आधी.' पूर्वी आम्ही रविवारी चार-चार तास बडबड करायचो. आता रेघेला कातर लागली की तेवढाच आवाज असतो. मधल्या बोटाला मुंग्या येतात, असं ते परवा बायकोला सांगत होते. डॉक्टरांच्या मते ते चांगलं लक्षण आहे. मला त्यांनी सांगितलं नाही, मी ऐकलं.

तिसऱ्या दिवशी एक जुनं गिऱ्हाईक आलं. हात बघून हळहळलं, कसं झालं म्हणून विचारलं. मास्तर काहीतरी पुटपुटले, अपघात, चालायचंच. मी मान खाली घालून कापत होतो. तेवढ्यात मागचं मशीन थांबलं. मास्तरीणबाई वर बघत नव्हत्या, नुसता हात चाकावर ठेवून बसल्या होत्या. मास्तरांनी खडू खाली ठेवला. गिऱ्हाइकालाही काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. तेव्हा मला कळलं की त्या माझ्यासाठी थांबल्या आहेत. मी कातर खाली ठेवली आणि त्या अनोळखी माणसाला सगळं सांगितलं. पेटी, सही, पट्टा, चार सेकंद. तो बिचारा आपल्या विजारीचं माप द्यायला आला होता. त्याने माझ्याकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं आणि माप न देताच 'उद्या येतो' म्हणून गेला. मशीन पुन्हा सुरू झालं.

तेव्हापासून हेच चालू आहे. कुणी मास्तरांच्या हाताचं विचारलं की मशीन थांबतं. आतापर्यंत नऊ जणांना सांगून झालं. दर वेळी वाटतं की या खेपेला थोडं सोपं जाईल, आणि जात नाही. काल माझ्याच बाजारातला एक वाणी आला होता, ज्याचा काटा मी गेल्या वर्षी नापास केला होता. त्याने विचारलं, मशीन थांबलं, आणि मी त्यालाही सांगितलं.

तुमचा,
धाकटा दीर